बेसबॉल रिक्रूटिंगच्या नावाखाली आमचे ३,१९५ डॉलर कसे गेले

अमेरिकेत ज्यांची मुलं हायस्कूलमध्ये बेसबॉल किंवा सॉफ्टबॉल खेळतात, त्या मराठी आईबापांसाठी हे लिहितेय. एप्रिल २०२४ मध्ये न्यू जर्सीत, हायवेलगतच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये आम्ही एका कंपनीला १,४९५ डॉलर दिले आणि जूनमध्ये आणखी १,७००. रिक्रूटिंग म्हणजे कॉलेजांनी आपल्या संघासाठी खेळाडू निवडणं. मुलाला कॉलेजच्या कोचसमोर आणून देतो, असं त्यांचं म्हणणं होतं. तक्रार अजून चालू आहे, म्हणून कंपनीचं नाव इथे घालत नाही. पण हे लोक कसं बोलतात आणि कुठे पकडतात, ते सगळं सांगते.

मुलगा तेव्हा दहावीत होता. कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा. आठ वर्षांचा असल्यापासून खेळतोय, आणि चांगला खेळतो. त्याच्या बाबांनी मुंबईत शाळेकडून हॅरिस शिल्ड खेळलंय. तिथे धावा केल्या की दुसऱ्या दिवशी पेपरात नाव यायचं आणि निवड करणारे मैदानाच्या कडेलाच उभे असायचे. त्यामुळे इथेही मुलगा खेळत राहिला की कुणाची तरी नजर जाईल, असं आम्ही धरून चाललो होतो. इथलं गणित निराळं आहे. कॉलेजच्या कोचला हजारो मैदानांवर जाता येत नाही, मुलालाच त्याच्यापर्यंत पोचावं लागतं. हे आम्हाला उशिरा कळलं, आणि उशीर झाला या धास्तीत असतानाच ती ईमेल आली.

‘आमच्या स्काउटने तुमच्या मुलाची नोंद घेतली आहे. मूल्यांकनासाठी निवडक कुटुंबांना बोलावत आहोत.’ स्काउट म्हणजे खेळाडू हेरणारा माणूस. खाली मुलाचं पूर्ण नाव, शाळा, पोझिशन, उंची, सगळं बरोबर. मला वाटलं, खरोखरच कुणीतरी पाहिलंय. त्या हिवाळ्यात तो एका इनडोअर शोकेसला (खेळाडूंनी आपला खेळ दाखवायचा कार्यक्रम) गेला होता आणि तिथल्या नोंदणीच्या फॉर्मवर मी स्वतःच्या हाताने हेच सगळं लिहून दिलं होतं. ईमेलमध्ये त्या फॉर्मपलीकडचं एक अक्षरही नव्हतं. हे मी तेव्हाच ताडून पाहायला हवं होतं. तुम्हाला अशी ईमेल आली तर पहिलं काम तेवढंच करा. त्यांना मुलाच्या खेळाबद्दल काय माहीत आहे आणि नोंदणीच्या फॉर्मवरून काय माहीत आहे, ते वेगळं करून बघा.

हॉलमध्ये पंचवीसतीस कुटुंबं होती, त्यात आपली भारतीय सातआठ तरी. स्लाइड्स झाल्यावर प्रत्येक कुटुंबाला वेगळ्या टेबलावर बसवलं. आमच्यासमोरचा माणूस स्वतःला स्काउटिंग डायरेक्टर म्हणवत होता. तो आमच्याशी आधी बोललाच नाही. खुर्ची मुलाकडे वळवली आणि म्हणाला, “तुला खरंच कॉलेजमध्ये खेळायचंय का?” मुलगा हो म्हणाला. “किती मनापासून, दहापैकी?” मुलगा म्हणाला, “दहा.” मग तो आमच्याकडे वळून म्हणाला, “तुम्ही ऐकलंत ना?”

पंधरा वर्षांच्या पोराने तोंडावर दहा म्हटल्यावर कुठली आई म्हणेल की थांबा, आम्ही घरी जाऊन विचार करतो? तिथेच आम्ही अडकलो.

मग घाई सुरू झाली. कॉलेजचे खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेने कॉलेजांचे तीन गट केलेत. त्यातल्या सगळ्यात वरच्या डिव्हिजन १ चे बेसबॉल कोच मुलांशी थेट संपर्क करू शकतात ते अकरावी सुरू होण्याआधीच्या १ ऑगस्टपासून, हा नियम खरा आहे. त्याने तो असा मांडला की १ ऑगस्टच्या आधी प्रोफाइल गेलं नाही तर गाडी सुटलीच. खऱ्या नियमाला खोटी भीती जोडलेली होती. प्रत्यक्षात कितीतरी मुलांचं बारावीत ठरतं, आणि डिव्हिजन ३ मध्ये तर सर्रास.

आणखी एक वाक्य तो दोनतीनदा बोलला: “शिष्यवृत्तीत ही फी वसूल होईल, डिव्हिजन ३ मध्येसुद्धा.” आम्हाला एवढीच माहिती असती तरी आम्ही उठून आलो असतो की डिव्हिजन ३ मध्ये खेळाची शिष्यवृत्ती मुळात नसतेच. तिथे मिळते ती गुणांवर किंवा घरच्या उत्पन्नावर. डिव्हिजन १ च्या बेसबॉल संघाला तेव्हा ११.७ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि त्या तुकडे करून बऱ्याच खेळाडूंत वाटल्या जायच्या. म्हणजे पूर्ण शिष्यवृत्ती ही विरळा गोष्ट होती. २०२५ पासून नियम बदलले. नव्या व्यवस्थेत आलेल्या कॉलेजांना ती मर्यादा उरली नाही, पण संघात ३४ च खेळाडू ठेवायचे असं ठरलं. त्यातही ट्रान्सफर घेऊन येणारी विशीबाविशीची पोरं असतात. जागा अशी तंग असताना हमी देणारा माणूस काय विकतोय, याचा विचार करा.

दुसरा एक पर्यायही त्याने पुढे केला होता. आता फी कमी भरा आणि शिष्यवृत्ती मिळाली की तिच्या दहा टक्के द्या. ते आम्ही घेतलं नाही हे आमचं नशीब. एनसीएएच्या नियमांनुसार कंपनी ठरावीक फी घेऊन मुलाची माहिती कॉलेजांना पाठवू शकते, पण मुलाला शिष्यवृत्तीवर जागा मिळवून देण्याशी ती फी जोडली, तर मुलाची खेळण्याची पात्रताच धोक्यात येते. पैसे तर जातातच, वर पोराचं खेळणं थांबू शकतं.

डेबिट कार्डने १,४९५ भरले आणि घरी आलो. जूनमध्ये फोन आला की प्रोफाइल खूप जोरात चाललंय, वरचं पॅकेज घेतलं तर व्हिडिओ आणि बाराशे कोचना पाठवणी. ते १,७०० झेलने (Zelle, बँकेतून थेट पैसे पाठवायची सोय) पाठवले.

त्यानंतर रोज एक आकडा दिसायचा: इतक्या कोचनी प्रोफाइल पाहिलं. ऑगस्टअखेर तो २१२ वर गेला. मुलगा सकाळी उठल्याउठल्या तो आकडा बघायचा. कॉलेजांची पत्रंही येऊ लागली, पण बहुतेक कॅम्पची आमंत्रणं होती, फी भरून या म्हणणारी. शेकडो मुलांना एकाच वेळी जाणारी. त्याने दोन पत्रं भिंतीवर लावली होती. मी काही बोलले नाही, कारण मलाही तेव्हा ती खरीच वाटत होती.

ऑक्टोबरमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका डिव्हिजन ३ कॉलेजच्या कॅम्पला आम्ही गेलो. कॅचरची तिथे पहिली चाचणी म्हणजे पॉप टाइम. चेंडू मिटमध्ये, म्हणजे कॅचरच्या ग्लव्हमध्ये, आदळल्यापासून तो सेकंड बेसवरच्या खेळाडूच्या ग्लव्हमध्ये पोचेपर्यंतचा वेळ. अंतर जवळजवळ १२७ फूट. मुलाचे पाच थ्रो झाले. मी जाळीच्या मागे उभी होते, कोचच्या हातातलं स्टॉपवॉच मला दिसत होतं. २.१५, २.१२, २.१९, २.१४, २.१६. त्याच्या वयाला वाईट नाहीत हे मला माहीत होतं, घरी सरावातही तेवढेच येतात. कोचने क्लिपबोर्डवरचा कागद वर केला, पुन्हा खाली ठेवला आणि मुलाला बाजूला बोलावलं.

कंपनीने पाठवलेल्या प्रोफाइलवर पॉप टाइम १.८७ लिहिलेला होता.

मेजर लीगमधल्या कॅचरांची सरासरीच दोन सेकंदांच्या आसपास असते. १.८७ म्हणजे त्यांच्यातल्याही अगदी वरच्या फळीचा आकडा, आणि तो त्यांनी दहावीतल्या पोराच्या नावावर टाकला होता. कोच चिडला नाही. त्याने एवढंच विचारलं, “हा आकडा तू दिलास?” मुलगा नाही म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. हेल्मेट काखेत, मास्कचा पट्टा बोटाला गुंडाळत उभा होता. ज्या पोराने आजवर कधी अंपायरशी हुज्जत घातली नाही, त्याला एका परक्या माणसासमोर मी खोटारडा नाही हे सांगावं लागलं. पैशांचं मी एकदा सोडून देईन. हे नाही सोडणार.

कोच भला माणूस. जेवणाच्या सुट्टीत आम्हाला भेटला, फोनवरचा इनबॉक्स दाखवला. त्याच कंपनीच्या ईमेल्स एकाखाली एक, सगळ्यांचा विषय सारखाच, फक्त मुलाचं नाव वेगळं. मजकुराची सुरुवात ‘प्रिय कोच’ आणि पुढे कॉलेजचं नावसुद्धा नाही. तो म्हणाला, या मी उघडतच नाही. मुलाने स्वतः लिहिलं, माझ्या कॉलेजचं नाव घेतलं, इथे काय शिकायचंय ते सांगितलं आणि मार्क्स दिले, तर वाचतो. मग २१२ जणांनी पाहिलं ते काय, असं मी विचारलं. त्याने खांदे उडवले.

त्या रात्री घरी आल्यावर मी तो व्हिडिओ पहिल्यांदा नीट, थांबवत थांबवत पाहिला. आधी चाळीस सेकंद नुसतं संगीत आणि फिरणारी अक्षरं. मग बॅटिंग. कॅचिंग यायला दोन मिनिटं. तिसऱ्या क्लिपला मी थांबले. माझ्या मुलाच्या डाव्या पायाच्या शिनगार्डचा (नडगीवरच्या पॅडचा) पट्टा मागच्या मे महिन्यात तुटला होता आणि मी तो पांढऱ्या जाड दोऱ्याने शिवला होता, काळा दोरा घरात नव्हता म्हणून. मैदानावर लांबूनही तो पांढरा टाका दिसतो. या क्लिपमध्ये तो नव्हता. मग पाठीवरचा नंबर बघितला. आमचा २१. व्हिडिओतल्या मुलाचा १२. व्हिडिओतला सगळ्यात सुरेख थ्रो तोच होता आणि तो दुसऱ्याच कुणाचा होता.

फोन केला तर आमचा सल्लागार बदललेला. दोन आठवड्यांत तिघे बदलले. तिसऱ्याने करारपत्राचं शेवटचं पान वाचायला सांगितलं: ही फक्त प्रसिद्धीची सेवा आहे, कसलीही हमी नाही, पैसे परत नाहीत.

त्यानंतर जे समजलं ते एप्रिलमध्ये समजलं असतं तर पहिले १,४९५ तरी वाचले असते. विक्रेत्याने हॉटेलसारख्या तात्पुरत्या जागी १३० डॉलर किंवा त्याहून जास्त रकमेची विक्री केली, तर फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमानुसार तिसऱ्या कामाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत व्यवहार रद्द करता येतो. शनिवार कामाचा दिवस धरतात, रविवार आणि सरकारी सुट्ट्या नाही. हा हक्क विक्रेत्याने तोंडी सांगायचा असतो आणि रद्द करण्याच्या फॉर्मच्या दोन प्रती द्यायच्या असतात. आम्हाला ना कुणी सांगितलं, ना फॉर्म दिला. संपूर्ण व्यवहार फोनवर किंवा ऑनलाइन झाला तर हा नियम लागत नाही, म्हणून जूनचे १,७०० त्यात बसत नाहीत. आणि पैसे क्रेडिट कार्डाने भरले असते तर स्टेटमेंट निघाल्यापासून ६० दिवसांत बँकेकडे लेखी वाद घालता आला असता. झेलने गेलेले पैसे म्हणजे रोख हातात दिल्यासारखेच. असल्या ठिकाणी डेबिट कार्ड किंवा झेल कधीही वापरू नका. समोरचा “कार्डाला तीन टक्के जास्त पडतील” म्हणाला तर ते तीन टक्के द्या.

जे त्यांनी ३,१९५ डॉलरला विकलं, त्यातलं काय फुकट मिळतं ते आता सांगते. प्रत्येक कॉलेजच्या क्रीडा विभागाच्या साइटवर कोचचा ईमेल असतो आणि बहुतेक ठिकाणी रिक्रूटसाठी प्रश्नावली असते. भरायला पैसे पडत नाहीत. व्हिडिओ फोनवर निघतो. कॅचरचा होम प्लेटच्या मागून आणि बाजूने, पहिल्या पाच सेकंदांत थ्रो दिसला पाहिजे, संगीत नको. हायस्कूलचा कोच आणि ट्रॅव्हल टीमचा (शाळेबाहेरच्या क्लब संघाचा) कोच एक फोन करतात त्याला बाराशे ईमेलपेक्षा जास्त वजन असतं. आमच्या शाळेच्या कोचला मी ही सगळी हकीकत सांगितली तेव्हा तो म्हणाला, मला आधी का नाही विचारलंत? खरंच विचारलं नव्हतं. त्याला त्रास कशाला, असं वाटलं होतं. आपल्याकडे ही भीड फार आहे, आणि असले लोक तिच्यावरच जगतात.

नुसतं डिव्हिजन १ डोळ्यांसमोर ठेवून बसू नका. न्यू जर्सीतच रोवान, मॉन्टक्लेअर स्टेट, कीन, टीसीएनजे (द कॉलेज ऑफ न्यू जर्सी) ही डिव्हिजन ३ ची कॉलेजं आहेत आणि तिथलं बेसबॉल तगडं असतं. कीनने २००७ मध्ये डिव्हिजन ३ चं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलंय. इथल्या ज्युनियर कॉलेजची, म्हणजे बारावीनंतरच्या दोन वर्षांच्या कॉलेजची, वाटही आहे.

मुलाने त्या हिवाळ्यात जेवणाच्या टेबलावर बसून एकेक ईमेल स्वतः लिहिली. कोचच्या आडनावाचं स्पेलिंग मला मोठ्याने वाचून दाखवायचा. पॉप टाइम २.१४ असा खरा लिहायचा, फिजिक्सचे मार्क्स लिहायचा. अडतीस पाठवल्या, अकरांचं उत्तर आलं. आता तो बारावीत आहे आणि पुढे कुठे खेळायचं ते त्याचं त्याने जमवलंय, एका छोट्या डिव्हिजन ३ कॉलेजात.

राज्याच्या ग्राहक विभागाकडे आणि फेडरल ट्रेड कमिशनकडे मी तक्रार केली, करारपत्र, ईमेल्स, व्हिडिओ आणि त्या १.८७ च्या पानासकट. राज्याकडून पोच आली, पैसे अजून आलेले नाहीत. कंपनीने प्रोफाइल काढून टाकल्याचं कळवलं, पण व्हिडिओबद्दल एक शब्द नाही. तो १२ नंबरचा मुलगा कोण, हे आम्हाला आजही माहीत नाही. त्याच्या आईबापांनीही कुठल्यातरी हॉटेलात पैसे भरले असणार. कुणाच्या मुलाच्या व्हिडिओत २१ नंबरचा, डाव्या शिनगार्डवर पांढरा टाका असलेला कॅचर दिसला, तर मला कळवा.