मधल्या मारुतीजवळचं जुन्या भांड्यांचं दुकान आणि तिथलं चिनी धुपाटणं

सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत ३१ वर्षं ओतकाम केलं. त्यामुळे कुठलंही ओतीव भांडं हातात आलं की मी आधी ते उलटं करून बघतो. सोलापुरात मधल्या मारुतीजवळच्या बोळात जुन्या तांब्या-पितळेचं दुकान आहे, तिथंही तेच केलं. समया आणि घंगाळांच्या मागं तीन पायांचं, वीतभर उंच चिनी धुपाटणं बसलं होतं. मालक म्हणाला, "काका, हे किलोवर नाही जायचं." काट्यावर दोन किलो तीनशे भरलं. साडेआठ हजार सांगितले, साडेसहाला दिलं.

बुडाला सहा चिनी अक्षरं आहेत. 'महान मिंग घराण्याच्या श्वांद काळात घडवलेलं' असा त्यांचा अर्थ. श्वांद सम्राटाचा काळ १४२६ ते १४३५. पण हाच शिक्का कारागीर पुढची कित्येक शतकं उठवत राहिले, त्यामुळे त्यावरून वय ठरत नाही. मी काही बोलायच्या आत मालकच म्हणाला, "लिहिलंय तेवढं जुनं म्हणून मी विकत नाही हां." या एका वाक्यासाठी मी त्या दुकानात पुन्हा जाईन.

घाट मूळचा 'तिंग' या भांड्याचा. तीन हजार वर्षांपूर्वी शांग राजवटीत पूर्वजांच्या नैवेद्यासाठी अशी पात्रं असत. पोटावर 'थाओथ्ये' नावाचा चेहरा: वटारलेले डोळे, शिंगं, आणि खालचा जबडाच नाही. आपल्या देवळाच्या उंबऱ्यावरचं कीर्तिमुख आठवतं. शांग ओतारी मातीच्या नमुन्यावर ओली माती दाबून साचा घेत, तो तुकड्यांनी सोडवत आणि गाभ्याभोवती पुन्हा जुळवत. अशा कामात जोडाची रेघ कुठंतरी सापडतेच. इथं मी भिंग लावून बघितलं, रेघ नाही. कानांच्या मागंही नक्षी अखंड गेली आहे, म्हणजे हे मेणाचं ओतकाम: मेणाचा नमुना मातीत लिंपायचा, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. शेजारच्या बसवकल्याणात, तेव्हाच्या कल्याणीत, बाराव्या शतकात सोमेश्वर राजानं 'मानसोल्लासा'त मेणाचीच रीत लिहून ठेवली. त्याच सुमारास तिकडं सोंग सम्राट ह्वेइत्सोंगच्या संग्रहातल्या ८३९ प्राचीन पात्रांची सचित्र सूची झाली. पुढच्या कारागिरांना बहुतेकदा अशी चित्रंच समोर ठेवावी लागली. माझ्या धुपाटण्यावरची चौकोनी वेटोळी उथळ आहेत, डोळेही कागदावर काढल्यासारखे सपाट. पण पोटाचा भार तिन्ही पायांवर इतका नेमका उतरलाय की हलवून बघितलं तरी डुगडुगत नाही. आत एक बारीक ठिगळ आहे. ओतताना राहिलेलं भोक कुणीतरी फार निगुतीनं बुजवलंय.

तक्रार एकच, पण मोठी. दिवाळीच्या तोंडावर दुकानातला पोरगा सगळा माल चिंच-मिठानं घासतो. अशा चिनी भांड्यांचा तपकिरी राप म्हणजे मळ नव्हे, कारागिरानं मुद्दाम चढवलेला रंग असतो तो. माझ्या धुपाटण्याचा एक पाय पिवळाधमक झालाय आणि त्याचा मूळ रंग आता गेला तो गेलाच. बघून पोटात तुटलं. मालकाला सांगितलं, त्यानं ऐकून घेतलं, पोराला हाकही मारली.

वरच्या फळीवर कर्ण्यासारख्या तोंडाची, 'कू' नावाच्या जुन्या मद्यपात्राच्या घाटाची एक फुलदाणी अजून आहे. अकरा हजार सांगतो. तिला चिंच लागलेली नाही.