फॉरवर्ड-फोल्ड कॅम्पर ट्रेलर: उन्हाळा-हिवाळा दोन्ही काढल्यावर

पहिल्यांदा कॅम्पर ट्रेलर (गाडीमागे ओढून न्यायचा घडीचा तंबू-पलंग) बघायला गेलेला माणूस आधी किचन बाहेर ओढतो, मग गादीवर आडवा होतो. ड्रॉबारवर (ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या पुढच्या दांड्यावर) रिव्हेट केलेली पाटी फारसं कोणी वाचत नाही. निवड खरं तर तिथेच होते. किचन, सोलर, ऑनिंग (बाजूचं कापडी छप्पर) पुढे कधीही बदलता येतं. पाटीवरचा एटीएमचा (भरलेल्या ट्रेलरच्या कमाल वजनाचा) आकडा सहजासहजी बदलत नाही.

ट्रेलर कुठला, ते आधी सांगतो. एका ॲक्सलचा, हार्ड-फ्लोअर (तंबूची जमीन टणक), फॉरवर्ड-फोल्ड (तंबू पुढच्या बाजूला उलगडणारा). टेअर १३८० किलो, एटीएम १९०० किलो, दोन्ही चाकांना स्वतंत्र ट्रेलिंग-आर्म सस्पेन्शन, १२ इंची इलेक्ट्रिक ड्रम ब्रेक, १०० लिटरची पाण्याची टाकी. ओढायला डबल-कॅब यूट (चार दारांची पिकअप). वापर ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियाच्या हाय कंट्रीत (डोंगराळ भागात), दक्षिण ऑस्ट्रेलियात रोबच्या किनाऱ्यावरच्या वाळूत आणि ऊडनाडाटा ट्रॅक या कच्च्या रस्त्यावर.

टेअर म्हणजे रिकाम्या ट्रेलरचं वजन. एटीएम म्हणजे गाडीपासून सोडवून ठेवलेल्या, भरलेल्या ट्रेलरचं कमाल वजन. दोन्हींतला फरक ही तुमची पेलोड. इथे ती ५२० किलो, आणि ऐकायला भरपूर वाटते. आता भरून बघा: पाणी १००, गॅसचे साडेचार किलोचे दोन सिलिंडर लोखंडासकट २०, भरलेला फ्रीज ५०, भिंतींसह ऑनिंग ३५, डिझेलचे दोन जेरीकॅन ४२, दुसरं स्पेअर चाक ३५, अंथरूण-पांघरूण २५, हत्यारं आणि रिकव्हरीचं सामान ३०, कपडे-शिधा-खुर्च्या-टेबल मिळून १२०. बेरीज ४५७. उरले ६३ किलो, आणि अजून मुलांच्या सायकली चढलेल्याच नाहीत. टेअरच्या आकड्यात पाणी आणि गॅस बहुधा नसतात, डीलरने नंतर लावलेल्या ॲक्सेसरीजही नसतात. म्हणून ३०० किलो पेलोडचा ट्रेलर कितीही देखणा असला, तरी चौघांच्या कुटुंबाने त्याच्याकडे बघूच नये.

ऑस्ट्रेलियात ब्रेकचा नियम जीटीएमवर चालतो, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडलेला असताना त्याच्या चाकांवर येणाऱ्या वजनावर. ७५० किलोपर्यंत ब्रेक नसले तरी चालतात. त्यापुढे २००० किलोपर्यंत एका ॲक्सलच्या दोन्ही चाकांना ब्रेक हवेत, त्यात ओव्हरराइड ब्रेकही चालतात. २००० च्या वर सगळ्या चाकांना ब्रेक, ते ड्रायव्हरच्या जागेवरून चालवता यायला हवेत, आणि ट्रेलर सुटला तर आपोआप लागणारी ब्रेकअवे यंत्रणाही हवी. त्यामुळेच कित्येक उत्पादक पाटीवरचा आकडा २००० च्या आत बसवतात. चासी त्याहून जास्त पेलू शकते की नाही, हे त्या आकड्यावरून कळत नाही. खुशाल जास्त भरा असं सांगणाऱ्या विक्रेत्याकडून ते लेखी मागा, मग बघा काय होतं. कच्च्या रस्त्यासाठी मात्र १५०० किलोचा ट्रेलर असला तरी इलेक्ट्रिक ब्रेकच घ्यावेत. ओव्हरराइडमध्ये ट्रेलर मागून ढकलतो तेव्हा ब्रेक लागतो, आणि लांब उतारावर ढकलणं थांबतच नाही, ड्रम तापत राहतात.

गाडीच्या बाजूचं गणितही तितकंच महत्त्वाचं. "साडेतीन टन ओढते" हे वाक्य निम्मंच आहे. टो-बॉलवर (ट्रेलर अडकवायच्या गोळ्यावर) येणारं वजन गाडीच्या पेलोडमधून वजा होतं. समजा गाडीची पेलोड ७०० किलो. माणसं २८०, बुलबार आणि मागचे ड्रॉअर १५०, सामान १००, बॉलवर १८०. झाले ७१०. छतावरचा तंबू अजून यायचा आहे आणि गाडी आत्ताच बेकायदा. फॉरवर्ड-फोल्डला हा त्रास जास्त, कारण पुढची पेटी, गॅस, जेरीकॅन, फ्रीज हे सगळं ॲक्सलच्या पुढे येतं. एकूण वजनाच्या १० टक्क्यांच्या आसपास बॉलवर असलेलं बरं. फार कमी झालं तर ट्रेलर हायवेवर डोलायला लागतो.

पूर्ण भरून एकदा वेब्रिजवर (वाहनं तोलायच्या काट्यावर) जाच. आधी जोडलेल्या अवस्थेत फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर घ्या, तो जीटीएम. मग सोडवून, जॉकी व्हीलसकट (पुढच्या टेकूच्या चाकासकट) पूर्ण ट्रेलर काट्यावर, ते एटीएमशी ताडायचं वजन. दोन्हींतला फरक म्हणजे बॉलवरचा भार. शेवटी जोडलेली गाडी एकटी काट्यावर घेऊन तिच्या जीव्हीएमशी (भरलेल्या गाडीच्या कमाल वजनाशी) ताडा.

आता सस्पेन्शन. ट्रेलिंग-आर्म, कॉइल स्प्रिंग आणि प्रत्येक चाकाला दोन शॉक (शॉक ॲब्सॉर्बर) हे ऊडनाडाटासारख्या रस्त्यावर खरंच फरक पाडतं. मारी ते मार्ला हा सुमारे ६२० किलोमीटरचा रस्ता, आणि ग्रेडर (रस्ता सपाट करणारं यंत्र) फिरून बरेच दिवस झाले असतील तर नालीदार पत्र्यासारखा. लीफ स्प्रिंग आतलं सामान जास्त हादरवते, पण तुटली तर आडगावच्या गॅरेजातही बदलून मिळते, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं. दोन्हींत जीव जातो तो बहुतेकदा शॉकचा. सलग खडखडाटात आतलं तेल इतकं तापतं की शॉक काम करणं सोडून देतो, मग सगळा मार माउंटच्या वेल्डवर. यावर महागड्या शॉकपेक्षा टायरमधली हवा कमी करणं जास्त लागू पडतं. डांबरावर ३६ पीएसआय असेल तर कॉरुगेशनवर (अशा नालीदार रस्त्यावर) २६ ते २८ आणि वेग ८० च्या आत. मऊ वाळूत १६ ते १८, आणि तिथे झटक्यात वळायचं नाही, टायर रिममधून निघतो. पुन्हा डांबर लागलं की आधी हवा भरायची, मगच वेग.

ट्रेलरची चाकं गाडीच्याच स्टड पॅटर्नची (बोल्टच्या मांडणीची) आणि टायर त्याच मापाचे घ्या. हायलक्स, रेंजर, प्राडो यांचा पॅटर्न ६ बाय १३९.७ (सहा बोल्ट, १३९.७ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर), त्यामुळे हे जमणं सोपं आहे. दोन स्पेअर मग दोन्हींना चालतात. दोन्हींच्या चाकांमधली रुंदीही सारखी असली तर ट्रेलर वाळूत गाडीने दाबलेल्या चाकोरीतून येतो. नसली तर तो स्वतःची नवी चाकोरी खणतो, आणि हे इंजिनच्या आवाजात लगेच ऐकू येतं.

पहिल्या खडबडीत प्रवासाआधी शॉक, ट्रेलिंग-आर्मचे पिव्हट, कपलिंग आणि ड्रॉबारच्या प्रत्येक नटवर पांढऱ्या पेंट-मार्करने एक रेघ मारा, निम्मी नटवर, निम्मी ब्रॅकेटवर. मुक्कामाला पोचल्यावर टॉर्च घेऊन खाली वाकलं की दोन मिनिटांत काम होतं. रेघ मोडलेली दिसली की नट फिरला. या ट्रेलरवर शॉकच्या खालच्या बोल्टची रेघ मोडलेली सापडली. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज न सुटणारा) लावून ते थांबलं. चाकांचे नट नव्या ट्रेलरवर ५० आणि मग १०० किलोमीटरला पुन्हा टॉर्क करायचे.

बेअरिंगची साफसफाई आणि नवं ग्रीस १०,००० किलोमीटरला किंवा वर्षाने, जे आधी होईल तेव्हा. ओढ्यातून जाणं होत असेल तर त्याहून लवकर. हब तापलेला असतो, थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि सील जरा जरी झिजलेलं असेल तर पाणी आत ओढलं जातं. डस्ट कॅप काढल्यावर ग्रीस दुधाळ दिसलं की समजायचं. म्हणून ओढ्याच्या अलीकडे दहा-पंधरा मिनिटं थांबून हब निवू द्यावेत. एका हबचे ग्रीस भरलेले बेअरिंग, सील आणि कॉटर पिन डब्यात सोबत ठेवा. फोर्ड आणि होल्डन मापांचे बेअरिंग एकमेकांत बसत नाहीत, तेव्हा आपल्यात कोणते आहेत हे घरीच उघडून बघून ठेवा.

विजेबद्दल एकच गोष्ट, पण ती जवळजवळ सगळीकडे चुकलेली दिसते. "६ मिलिमीटर ऑटो केबल" असं लिहिलेल्या वायरीत तांबं ६ चौरस मिलिमीटर नसतं, सुमारे ४.६ असतं. गाडीच्या बॅटरीपासून ट्रेलरच्या चार्जरपर्यंत ८ मीटर धरले, जाऊन-येऊन १६, तर २५ अँपिअरला जवळपास दीड व्होल्ट वाटेतच जातो. ६ बी-अँड-एस (तारेच्या जाडीचं एक माप) केबलमध्ये तांबं सुमारे १३.५ चौरस मिलिमीटर असतं, तिथे हाच तोटा अर्ध्या व्होल्टवर येतो. ती टाका, ५० अँपिअरचा अँडरसन प्लग (जास्त करंटचा जोड) लावा, गाडीच्या बॅटरीजवळ ब्रेकर बसवा आणि ट्रेलरमध्ये डीसी-डीसी चार्जर (गाडीच्या विजेवर ट्रेलरची बॅटरी भरणारा). स्मार्ट अल्टरनेटरच्या (गरजेप्रमाणे व्होल्टेज कमी करणाऱ्या) गाड्यांत तो नसेल तर बॅटरी पूर्ण भरतच नाही. १०० अँपिअर-अवरची लिथियम, २०० वॅटचं सोलर ब्लँकेट आणि ५० लिटरचा फ्रीज हे त्रिकूट जमतं. उन्हाळ्यात फ्रीज दिवसाला ३५ ते ४५ अँपिअर-अवर खातो, चांगल्या उन्हात ब्लँकेट ५० च्या आसपास देतं. हाय कंट्रीत रात्री पारा शून्याखाली गेला तर सकाळी लिथियम चार्ज होऊ द्यायची नाही. बॅटरीच्या बीएमएसमध्ये (बॅटरीची राखण करणाऱ्या सर्किटमध्ये) ही अडवणूक आहे ना, ते विकत घेतानाच विचारा.

धुळीची परीक्षा अंगणात करता येते. दाराच्या चौकटीच्या कडेला खडू घासा, दार लावून उघडा. रबरावर जिथे खडू उमटला नाही, तिथून धूळ येणार. इथे मागच्या दाराचा खालचा कोपरा कोरा निघाला. कडीचा हूक दोन आटे आत फिरवल्यावर उमटला.

कॅनव्हास नवा असताना पहिल्याच पावसात शिलाईतून ठिबकतो, तो दोष नव्हे. तंबू उभारून पाइपने पूर्ण भिजवा, पूर्ण वाळवा, असं दोन-तीनदा करा. धागा फुगतो आणि सुईची भोकं बुजतात. साबण लावू नका, वॉटरप्रूफिंग निघून जातं. हिवाळ्यात गादीखाली दमटपणा साचतो, म्हणून जाळीचं अंडरले घाला आणि रात्री वरची एक खिडकी थोडी उघडी ठेवा. ओला तंबू मिटून आणला तर घरी आल्या आल्या, फार तर दुसऱ्या दिवशी उघडायचाच. बुरशीचे काळे ठिपके एकदा पडले की जात नाहीत.

उभारणीचा वेळ जाहिरातीत दहा मिनिटं असतो. पलंग आणि छप्पर तेवढ्यात होतंही. ऑनिंग भिंतींसकट लावली तर पाऊण तास धरा. एका रात्रीच्या मुक्कामाला ती काढूच नये. वारा असेल तर उतरती बाजू वाऱ्याकडे. किचन ओढण्याआधी स्टॅबिलायझर पाय खाली हवेत, पण त्यांनी ट्रेलर उचलायचा नाही, वाकतात.

आपल्या स्वयंपाकाच्या बाबतीत एक गोष्ट माहितीपत्रकात सापडणार नाही. स्लाइड-आउट किचनच्या दोन बर्नरांवर पाच लिटरचा कुकर आणि कढई शेजारी-शेजारी मावत नाहीत. तीन लिटरचा हंडी-कुकर बसतो, आणि शेगडीच्या विंडशील्डच्या (वारा अडवणाऱ्या पत्र्याच्या) आतही राहतो. शोरूममध्ये जाताना घरचा कुकर घेऊन जा, विक्रेता हसला तर हसू दे. आणखी एक: पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सीमेवर, युक्ला किंवा कुनुनुरा चेकपॉइंटला, ताजी फळं, बऱ्याच भाज्या आणि मध काढून घेतात. तिकडे निघताना डाळ-तांदूळ, मसाले भरून ठेवा आणि भाजी पलीकडे गेल्यावर घ्या.

जुना ट्रेलर बघत असाल तर ड्रॉबार जिथे चासीला मिळतो तिथली वेल्ड टॉर्चने बघा. रंगातून केसाएवढी गंजाची रेघ बाहेर आलेली असेल तर आत तडा आहे, किमतीची घासाघीस न करता निघा. नवा असेल तर १ जुलै २०२१ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार त्याची नोंद आरएव्ही रजिस्टरवर (मान्यता मिळालेल्या वाहनांच्या सरकारी यादीत) व्हीआयएन (वाहनाचा ओळख क्रमांक) टाकून तपासता येते, ती पैसे भरण्याआधी करा. आणि ताब्यात घेताना गादी, किचन सोडून आधी पाटीचा फोटो काढा. वेब्रिजवर तोच लागतो.