चित्रांची पुस्तकं की वाक्यपट्ट्या?

मूल अक्षरं ओळखतंय, काना-मात्रा-वेलांटी जमतेय, जोडाक्षराला मात्र अजून अडखळतंय. आता सोपी वाक्यं वाचून ती कळायलाही हवीत, तर हातात काय द्यायचं? चित्रांची गोष्टीची पुस्तकं की एकेक वाक्य लिहिलेल्या कागदाच्या पट्ट्या? माझ्या मुलीच्या वेळी मी दोन्ही करून पाहिलं.

सुरुवात अर्थातच पुस्तकांनी केली. मूल मांडीवर येऊन बसतं, आपणहून पानं उलटतं, रोजच्या बोलण्यात न येणारे शब्द सहज कानावर पडतात. पट्टीला यातलं काही जमणार नाही, हे आधीच मान्य करतो.

माझं बिनसलं ते चित्रांवरून. ‘कुत्रा पाण्यात पडला’ या ओळीखाली बोट अगदी नीट सरकवत ती म्हणाली, ‘कुत्रा पोहतोय.’ चित्रात तो पोहतच होता! मी चित्रावर हात ठेवला, तर ती माझ्या बोटांच्या फटीतून डोकावायला लागली. चार दिवसांनी पुस्तक तोंडपाठ झालं. एकदा दोन पानं चिकटून एकदम उलटली गेली, तरी ती मधल्या, न उघडलेल्या पानावरची वाक्यं ठणठणीत ‘वाचत’ राहिली. आणि मी इतके दिवस कौतुक करत होतो.

फिलिप गफ आणि विल्यम टनमर या वाचनाच्या अभ्यासकांनी १९८६ मध्ये एक साधं सूत्र मांडलं: वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. दोहोंपैकी एक शून्य असेल तर गुणाकारही शून्य. आमच्याकडे भाषा उत्तम होती. अक्षरं किती उलगडत होती, ते चित्रांमुळे मला कळतच नव्हतं.

मग पट्ट्या आल्या. कल्पना माझी नाही. मारिया माँटेसरींच्या रोममधल्या, १९०७ साली सुरू झालेल्या बालशाळेत मुलांना चिठ्ठीवर कृती लिहून देत. मूल ती मनात वाचायचं आणि करून दाखवायचं. मी लिहिलं, ‘उशीवर चमचा ठेव.’ तिने ठेवला. दुसरी पट्टी, ‘चमच्यावर उशी ठेव.’ तिने पुन्हा उशीवरच चमचा ठेवला. सगळे शब्द तर मोठ्याने बरोबर वाचले होते! ‘परत बघ,’ एवढंच म्हटलं. तिने ‘चमच्यावर’वर बोट ठेवलं, थांबली आणि हसत सुटली. शब्द वाचणं आणि वाक्य कळणं यातलं अंतर मला त्या दिवशी दिसलं. ‘चमचा’चा ‘चमच्या’ होतो, ‘उंदीर’चा ‘उंदरा’ होतो, आणि कोण कुणावर हे सगळं त्या शेवटच्या ‘वर’, ‘ला’, ‘ने’ वर ठरतं. चित्र बघून अंदाज बांधणारं मूल नेमकं हेच गाळतं.

शिवाय आपलं क्रियापद शेवटी. ‘दारापर्यंत उडी मारत जाऊ नकोस’ ही पट्टी दिली, तर पठ्ठी ‘उडी मारत’पाशीच उठून दारापर्यंत उड्या मारत गेली. त्यानंतर मात्र पूर्णविरामापर्यंत वाचल्याशिवाय जागची हलत नसे.

पट्ट्यांच्या अडचणीही आहेत. रोज नव्या लिहाव्या लागतात, मोठं माणूस जवळ लागतं, आणि सतत ‘हे कर, ते ठेव’ वाचून मूल वैतागू शकतं. आमच्याकडे सहाव्या-सातव्या पट्टीनंतर चुळबुळ सुरू व्हायची, म्हणून पाचावर थांबायचो. एका मुलीवरून सगळ्यांचं सांगणं बरं नाही, हेही खरं. तुमचं मूल अक्षरओळखीच्याच टप्प्यावर असेल किंवा वाचायचं नाव काढलं की पळत असेल, तर पुस्तकंच बरी, आणि तीही तुम्ही वाचून दाखवा.

पण मूल पुस्तक ‘घडाघडा वाचतं’ आणि तरी तुमच्या मनात शंका आहे, असं असेल तर आठवडाभर पट्ट्या करून बघाच. आम्ही पुस्तकं सोडली नाहीत. रात्री मी वाचतो, ती ऐकते आणि चित्रं हवी तेवढी बघते. पट्ट्या संध्याकाळी. कालचीच पट्टी आज द्यायची नाही, एक शब्द बदलून द्यायची: ‘खुर्चीखाली बस’ची ‘खुर्चीमागे बस.’ पाठांतराला तेवढ्याने आळा बसतो.