झेडओएसचा (आयबीएम मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टीम) पॅकेट ट्रेस: सेशन तुटतायत तर आधी हा लावा
ऑफिस पणजीत पाटोला, मेनफ्रेम मुंबईत. दुपारी टर्मिनलची सेशन्स तुटायची, नेटवर्कवाले आमच्याकडे बोट दाखवायचे आणि आम्ही त्यांच्याकडे. शेवटी पॅकेट ट्रेस, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या पॅकेट्सची नोंद, लावला, आपला आयपी आणि पोर्ट २३ (टर्मिनलच्या टेलनेटचा) एवढाच फिल्टर टाकून, आणि खरंच सांगतो, एवढं कामाचं टूल दुसरं नाही! फिल्टर नसला तर बफर (नोंदीची तात्पुरती मेमरी) भरून जुनं पुसलं जातं, नेमका तुटल्याचा क्षणच जातो, म्हणून एक्स्टर्नल रायटरने (ट्रेस बाहेर लिहिणारा प्रोग्राम) डेटासेटमध्ये, म्हणजे मेनफ्रेमच्या फाइलमध्ये, लिहून घ्या. आयपीसीएसमधून (झेडओएसचं डंप-ट्रेस वाचायचं टूल) स्निफर फॉरमॅटमध्ये काढून वायरशार्कमध्ये (पीसीवर पॅकेट्स बघायचं टूल) उघडलं तर रीसेट पॅकेटचा, म्हणजे कनेक्शन तोडणाऱ्या पॅकेटचा, टीटीएल (प्रत्येक राउटरवर एकाने कमी होणारा आकडा) बाकीच्यांपेक्षा वेगळा, म्हणजे तो मधल्या फायरवॉलचा! सोबत नेटस्टॅटचं (चालू कनेक्शन्सची यादी देणारी कमांड) आउटपुट घ्याच. कमांड्स पाठ व्हायला वेळ लागतो, तरी पाचपैकी साडेचार.