निळं सिरप चांगलं, लेबल मात्र चुकलेलं
नाशिकच्या रविवार कारंज्याजवळच्या दुकानातून गेल्या महिन्यात ब्लू क्युरासाव सिरपच्या सहा बाटल्या घेतल्या. ७५० मिलीची एक ३८० रुपयांना पडली. मी लग्नकार्यात वेलकम ड्रिंकचं काउंटर लावते, त्यामुळे दोन-तीनशे पाहुण्यांच्या हिशेबानं सांगते.

२०० मिलीच्या ग्लासला २० मिली पुरतं, बाटलीत ३७ ग्लास होतात. गोडी जास्त आहे. अर्धं लिंबू आणि चिमूटभर मीठ घातल्याशिवाय मी देत नाही. संत्र्याचा वास येतो, सालीचा कडवटपणा जवळपास नाही. संत्र्याच्या रसात घालू नका, हिरवट होतं.

तक्रार लेबलाची आहे. गंगापूर रोडच्या लग्नात पाहुणे बाटली बघून 'एक कुराकाओ द्या' म्हणत होते. चूक त्यांची नाही. मूळ स्पेलिंगमध्ये 'सी' अक्षराखाली छोटी शेपटी असते, म्हणून तिथे 'स' वाचायचा. बाटलीवर ती शेपटीच गाळली आहे. हे मला भाच्यानं दाखवलं. तो क्रूझवर किचनमध्ये आहे, त्याचं जहाज क्युरासाव बेटाच्या राजधानीत, विलेमस्टाडच्या धक्क्याला लागतं. सिरपचं नाव या बेटावरूनच आलंय. "मावशी, तिथली माणसं तर बेटाला कॉर्सोउ म्हणतात," तो म्हणाला. त्यांच्या पापियामेंटु भाषेतलं हे नाव. पोर्तुगीज-स्पॅनिशच्या पायावर आफ्रिकन आणि डच शब्द रुजलेली ही भाषा. डच आणि इंग्रजीच्या बरोबरीनं तिथली राजभाषा. शेजारच्या अरुबातही तीच बोलतात, पण लिहिताना शेवटी 'उ'ऐवजी 'ओ'. 'दुशी' म्हणजे गोड, आणि लाडकं माणूसही दुशीच. सिरपच्या बाटलीवर हा एक शब्द किती शोभला असता!

त्याऐवजी मागे छापलंय, 'हॉलंडच्या संत्र्यांची चव'. बेट आहे व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यासमोर. डचांनी ते १६३४ मध्ये स्पॅनिशांकडून घेतलं, हे खरं. पण १० ऑक्टोबर २०१० पासून क्युरासाव हा नेदरलँड्सच्या राज्यातला वेगळा घटक देश आहे. संसद स्वतःची, पंतप्रधान स्वतःचा. संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार राज्याकडे, पासपोर्ट डच. पूर्ण स्वतंत्र नाही, पण हॉलंडचा जिल्हाही नाही. १७९५ मध्ये तुला नावाच्या माणसानं तिथे गुलामांचं बंड उभं केलं होतं. एवढं सोसून मिळवलेली ओळख अशी पुसली जावी, याचं मला वाईट वाटतं.

आणि संत्रं तर त्या मातीचंच. स्पॅनिशांनी नेलेली व्हॅलेन्सिया संत्री तिथल्या कोरड्या जमिनीत कडू निघाली, कुणी खाईना. त्या फळाला लाराहा म्हणतात. पुढे वाळलेल्या सालीतलं सुगंधी तेल लोकांच्या ध्यानात आलं आणि त्यापासून मद्य झालं. ते मुळात बिनरंगी, निळा रंग वरून घातलेला. आपल्या द्राक्षांना भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा माझे वडील पेढे घेऊन आले होते. मातीचं नाव मालावर नीट असणं म्हणजे काय, हे नाशिककराला वेगळं सांगावं लागत नाही.

चवीला साडेतीन तारे, लेबलाला एक. काउंटरच्या पाटीवर मी आता 'क्युरासाव' असं देवनागरीत लिहून घेतलंय. परवाच्या लग्नात एका आजोबांनी विचारलं, "हे कुठलं गाव?" मागे रांग होती, तरी मी त्यांना सगळं सांगितलं.