‘समाधानकारक’ या शब्दाखाली माझी सही आहे

ज्या कागदापाशी आमच्या संस्थेच्या सगळ्या तक्रारी येऊन अडल्या, त्या कागदावरची सही माझी आहे. ‘वरील सर्व दृक्‌श्राव्य यंत्रणा समाधानकारक स्थितीत बसवून मिळाली’ एवढे एकच वाक्य त्यावर होते आणि तेही कंत्राटदाराने स्वतः टाइप करून आणले होते. ४५० आसनांचे सभागृह आणि चार बैठककक्ष यांच्या ध्वनी, प्रक्षेपण आणि नियंत्रण यंत्रणेचे हे काम खरेदी समितीचा निमंत्रक या नात्याने माझ्याकडे आले होते. आयुष्यभर हिशेबशास्त्र शिकवल्यामुळे कागदावर मला कोणी फसवू शकणार नाही, असा माझा समज होता. फसवणूक कागदावरच झाली आणि त्यातल्या बेरजा सगळ्या बरोबर होत्या.

पहिल्या भेटीत कंत्राटदाराने लेझरच्या उपकरणाने लांबी-रुंदी मोजली, छायाचित्रे घेतली आणि अर्ध्या तासात तो निघाला. सभागृहात भाषणे जास्त होतात की गायन, मागच्या रांगांत कोण बसते, कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण करायचे असते का, यांपैकी एकही प्रश्न त्याने विचारला नाही. साधी टाळी वाजवून घुमारा ऐकण्याचीही त्याला गरज वाटली नाही. आम्हाला त्याचे हे झटपट काम कौशल्याचे लक्षण वाटले. नियमानुसार तीन दरपत्रके हवी होती. ‘उरलेली दोन मी मिळवून देतो’ असे तो म्हणाला आणि, सांगायला आज लाज वाटते, आम्ही त्याचे आभार मानले. दरपत्रके तीन वेगवेगळ्या नावांच्या कागदांवर आली, पण तिन्हींत बाबींचा क्रम तोच होता आणि ‘कनेक्टर’ हा शब्द तिन्हींत एकाच ओळीत, एकाच प्रकारे चुकलेला होता. विद्यार्थ्यांची नक्कल मी याच खुणेवरून पकडत आलो होतो. ही नक्कल मात्र मला दीड वर्षाने, तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले तेव्हा दिसली.

त्या दरपत्रकातली दोन ठिकाणे मला आता तोंडपाठ आहेत. प्रत्येक यंत्राच्या नावापुढे ‘किंवा समतुल्य’ असे लिहिलेले होते, पण समतुल्यता कशात मोजायची आणि ती मान्य कोणी करायची याचा उल्लेख कुठेच नव्हता. नाव नामांकित उत्पादनाचे, दर त्याच्याच जवळपासचा, आणि प्रत्यक्षात काय येईल ते कंत्राटदाराच्या मर्जीवर, अशी ती सोय होती. दुसरे ठिकाण म्हणजे शेवटची ओळ: ‘केबल, कनेक्टर, पाइप व इतर साहित्य, एकरकमी’. एकूण रकमेचा जवळपास पाचवा हिस्सा या एका ओळीत होता. किती मीटर, कोणत्या जाडीची, कोणत्या धातूची केबल, यांतले काहीही त्यात नव्हते. आम्ही यंत्रांच्या दरांवर तासन्‌तास घासाघीस केली आणि या ओळीवर एक मिनिटही घालवले नाही.

पैसे देण्याचे टप्पेही त्यानेच सुचवले होते. ६० टक्के आगाऊ, ३० टक्के माल आल्यावर आणि १० टक्के काम पूर्ण झाल्यावर. त्यामुळे माल विलक्षण तत्परतेने आला, खोक्यांची चळत व्यासपीठावर रचली गेली आणि ९० टक्के रक्कम काम सुरू होण्यापूर्वीच आमच्या हातातून गेली. पुढे त्याला घाई होती ती केबल टाकून भिंती आणि फॉल्स सीलिंग बंद करण्याची. केबल ओढली जात असताना आमच्यापैकी कोणीही तिथे थांबले नाही, तिचा एक तुकडाही कापून ठेवला नाही. खरे तर अशा कामात पाहण्यासारखे जे असते ते त्याच आठवड्यात असते, कारण नंतर ते वर्षानुवर्षे कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

हस्तांतराच्या दिवशी सभागृह रिकामे होते. दिवे मालवून पडद्यावर समुद्रकिनाऱ्याची रंगीत चित्रफीत दाखवण्यात आली आणि मोठ्या आवाजात एक लोकप्रिय गाणे लावण्यात आले. खुर्च्या थरथरल्या, समितीतील सदस्य एकमेकांकडे पाहून हसले आणि मी सही केली. ओळखीचे गाणे श्रोत्याला पाठ असते, त्यामुळे न कळलेला शब्दही मेंदू भरून काढतो, हे त्या वेळी सुचले नाही. कोणी व्यासपीठावर उभे राहून अनोळखी नावांची यादी वाचली असती आणि ती आम्ही शेवटच्या रांगेत बसून लिहून घेतली असती, तर दहा मिनिटांत सगळे कळले असते.

ते पहिल्याच कार्यक्रमात कळले. वक्त्याचा आवाज दहाव्या रांगेच्या मागेही मोठा होता, पण शब्द एकमेकांत मिसळत होते. आवाज वाढवला की माइक शिट्टी मारू लागे, कमी केला की मागच्यांना काहीच पोहोचत नसे. साधारण अर्ध्या तासाने बाल्कनीखालचे स्पीकर बंद पडले आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू झाले. कंत्राटदाराला बोलावले तेव्हा त्याने वक्त्याला माइक तोंडाजवळ धरायला सांगण्याचा सल्ला दिला, आणि पुढचे काही महिने आम्ही प्रत्येक पाहुण्याला तसे सांगतही राहिलो.

शेवटी आम्ही माल न विकणारा, केवळ तपासणी करणारा एक स्वतंत्र सल्लागार बोलावला. त्याने मोजणीचा माइक ठिकठिकाणी ठेवून वाक्‌स्पष्टतेचा निर्देशांक काढला. ० ते १ या मापावर भाषणासाठी ०.६ च्या पुढचा आकडा चांगला मानला जातो; आमच्या मागच्या रांगांत तो ०.४१ होता. ध्वनी थांबल्यावर त्याचा घुमारा ६० डेसिबलने ओसरायला २ सेकंदांहून अधिक वेळ लागत होता, आणि भाषणाच्या सभागृहात हा वेळ साधारण १ सेकंदाच्या आसपास असावा लागतो. वॉलेस सबाइन या प्राध्यापकाने १८९५ च्या सुमारास हार्वर्डच्या एका व्याख्यानकक्षात आसनांच्या गाद्या आत-बाहेर करून हेच गणित बसवले होते, हे त्या सल्लागाराने सांगितले तेव्हा मला स्वतःचाच राग आला. शंभर वर्षांहून जुने हे ज्ञान असताना, भिंतींवर ध्वनिशोषक पट्ट्या हव्यात असे आमच्या कंत्राटदाराने एकदाही म्हटले नाही, कारण पट्ट्या तो विकत नव्हता. उलट घुमणाऱ्या खोलीत त्याने आणखी स्पीकर विकले.

बाल्कनीखालच्या स्पीकरांचे कोडे सोपे निघाले. दरपत्रकात १०० व्होल्ट लाइनवर चालणारे, म्हणजे एकाच ॲम्प्लिफायरवर अनेक जोडता यावेत असे, ट्रान्सफॉर्मर असलेले स्पीकर होते. प्रत्यक्षात ८ ओहमचे साधे स्पीकर, चार-चार समांतर जोडून, एकेका ॲम्प्लिफायरवर टाकले होते. समांतर जोडले की ओहम विभागले जातात आणि ओहम जितके कमी तितका ताण जास्त. त्यामुळे ॲम्प्लिफायरवर २ ओहमचा भार येत होता आणि त्याच्या पाठीवर तर किमान ४ ओहम असे स्पष्ट छापलेले होते. तो तापून स्वतःला बंद करत होता, म्हणजे त्या सगळ्या व्यवहारात प्रामाणिकपणे वागणारा तो एकटाच होता.

मग सल्लागाराने यंत्रांच्या रॅकमधून बाहेर आलेल्या केबलचे टोक सोलले आणि तांबूस तारेवर पात्याने हलकेच खरवडले. आतून पांढरा धातू दिसला. ते तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम होते. ॲल्युमिनियमची विद्युतवाहकता तांब्याच्या साधारण ६१ टक्के असते, त्यामुळे त्याच जाडीच्या अशा तारेचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट भरतो, आणि वाकवताना ती लवकर तुटते. बैठककक्षांतले कॅमेरे मान वळवली की बंद पडून पुन्हा सुरू होत, त्याचे कारणही हेच होते. नेटवर्क केबलमधूनच वीज घेणाऱ्या त्या कॅमेऱ्यांना लांबच्या ओढीत विजेचा पुरेसा दाब मिळत नव्हता. नेटवर्कच्या श्रेणीबद्ध केबलला मानकांनुसार तांब्याचीच तार लागते, मुलाम्याची चालत नाही. केबलच्या आवरणावर मात्र श्रेणी ६ (कॅट ६) असे ठळक छापलेले होते.

प्रोजेक्टरबाबत थोडक्यात सांगतो. दरपत्रकातल्या ‘फुल एचडी सपोर्ट’ याचा अर्थ तो त्या प्रतीचे चित्र स्वीकारतो एवढाच होता. त्याचे मूळ रिझोल्यूशन १२८० गुणिले ८००, म्हणजे फुल एचडीहून बरेच कमी होते. दिवे चालू ठेवून ताळेबंदाचा तक्ता लावला की आकडे पुसट दिसत, आणि समुद्रकिनारा काळोखात का दाखवला गेला ते तेव्हा उमगले. वायरलेस माइकच्या दोन संचांचे अनुक्रमांक उत्पादकाकडे पाठवले, तेव्हा असे क्रमांक आपण कधी दिलेच नाहीत, असे उत्तर आले. एका ॲम्प्लिफायरची हमी तो आमच्याकडे येण्याच्या दोन वर्षे आधीच सुरू झाली होती. त्याच्या कडांवर जुन्या स्क्रूंचे ओरखडे होते. खोके मात्र कोरे होते.

या सगळ्यापेक्षा अधिक जाच नियंत्रण यंत्रणेने दिला. बैठककक्षांतला पडदा, दिवे, माइक आणि कॅमेरा एका टचपॅनेलवरून चालत असत. एक पडदा बदलायचा होता, त्यासाठी प्रोग्रॅममध्ये छोटीशी दुरुस्ती हवी होती. तेव्हा कळले की यंत्रात केवळ संकलित (कंपाइल केलेला, फक्त यंत्राला वाचता येणारा) प्रोग्रॅम आहे, त्याची माणसाला वाचता येणारी मूळ प्रत कंत्राटदाराकडेच आहे, आणि ध्वनी नियंत्रित करणाऱ्या यंत्राचा पासवर्डही आमच्यापैकी कोणाला दिलेला नाही. संकलित प्रोग्रॅम उघडून दुरुस्त करता येत नाही, तो पुन्हा पहिल्यापासून लिहावा लागतो. पाच वर्षांचा देखभाल करार आधी करा, मग पाहू, असे कंत्राटदाराचे उत्तर आले. यंत्रे आमच्या मालकीची होती आणि किल्ली त्याच्या खिशात होती. आम्ही नोटीस पाठवली तेव्हा त्याने उत्तरादाखल माझ्या सहीच्या कागदाची छायाप्रत जोडली, आणि ‘समाधानकारक’ या शब्दाखाली लाल रेघ ओढली होती.

दुसऱ्या वेळी आम्ही कागद स्वतः लिहिला. त्यात केबलचा धातू, जाडी आणि मीटर वेगळ्या ओळीत आले, भिंत बंद करण्यापूर्वी आमच्यासमोर तुकडा कापून तपासण्याची अट आली, आणि ‘समतुल्य’ वस्तू आमच्या लेखी मान्यतेशिवाय चालणार नाही असे ठरले. ‘समाधानकारक’ हा शब्द काढून त्या जागी मोजमापे घातली: प्रत्येक आसनगटात वाक्‌स्पष्टता किमान ०.५ आणि सरासरी ०.६, आवाजाच्या पातळीतला फरक अधिक-उणे ३ डेसिबलच्या आत, आणि दिवे चालू असताना पडद्यावरचा तेजभेद, म्हणजे पांढऱ्या आणि काळ्या भागाच्या तेजाचे प्रमाण, १५:१. यंत्रणेच्या पडताळणीसाठी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेले एक अमेरिकन मानक उपलब्ध आहे, त्यावरून तपासणीची यादी तयार केली. प्रोग्रॅमची मूळ प्रत, सगळे पासवर्ड आणि प्रत्यक्ष टाकलेल्या केबलचे नकाशे हातात पडेपर्यंत २० टक्के रक्कम रोखून धरली. पहिल्या तीन इच्छुकांपैकी दोघांनी या अटी वाचून दरपत्रकच पाठवले नाही. तिसऱ्याने पाठवले, त्याचा दर जास्त होता, आणि काम त्यालाच दिले.

शेवटच्या रांगेतला डाव्या बाजूचा स्पीकर अजूनही मुका आहे. त्याची जुनी केबल फरशीखालच्या पाइपात तुटली आहे आणि ती बदलण्यासाठी फरशी फोडावी लागेल; त्या खर्चाला समितीने अद्याप मंजुरी दिलेली नाही.