मक्याच्या खोडकिड्यासाठी ट्रायकोकार्ड: चांगलं, पण वेळेवर लावलं तरच

ट्रायकोकार्ड म्हणजे पोस्टकार्डासारख्या जाड कागदाची पट्टी, तिच्यावर तांदळाच्या पतंगाची अंडी चिकटवलेली आणि त्यातल्या बहुतेक अंड्यांत ट्रायकोग्रामा चिलोनिस या बारीक चिलटाची वाढ चाललेली. एका कार्डावर साधारण 20 हजार अंडी असतात. चिलटं बाहेर पडली की खोडकिड्याच्या अंड्यांत आपली अंडी घालतात, त्यामुळे अळी जन्मतच नाही.

घेताना अंड्यांचा रंग बघा. काळी असतील तर आत चिलट वाढतंय, माल चांगला. पिवळट-पांढरी जास्त असतील तर परत करा. भिंगातून अंड्यांना भोकं दिसली तर चिलटं उडून गेली, नुसता कागद हातात आलाय. म्हणून दुकानाच्या काउंटरवर उकाड्यात पडलेलं कार्ड स्वस्त मिळालं तरी नको. कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या प्रयोगशाळेतून तारीख पाहून घ्यावं, आणताना उन्हात तापू देऊ नये.

एका वेळी एकरी तीन कार्डं लागतात. उगवणीनंतर 12 दिवसांनी एकदा, मग 22 दिवसांच्या सुमारास पुन्हा. प्रत्येक कार्डाचे दहा-बारा तुकडे करून संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूला स्टेपल करा. चिलटं लांब उडत नाहीत, त्यामुळे तुकडे बांधावरच न लावता रानभर पसरावे लागतात. मुंग्या असतील तर अंडी फस्त होतात. आधी-नंतर आठवडाभर कीटकनाशकाची फवारणी नको.

तक्रारी येतात त्या बहुतेक उशिराच्या. पानावर ओळीने भोकं दिसली म्हणजे अळी पोंग्यात (शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत) शिरली. पोंगा ओढल्यावर सहज हातात आला, तर ती खोडात आहे. तिथे कार्डाचा काही उपयोग नाही. शंभरात दहाएक झाडं अशी दिसू लागली, तर क्लोरअँट्रानिलिप्रोल 18.5 एससी लिटरला 0.4 मिली घेऊन नोझल पोंग्यात धरून फवारा. झाडावरून नुसता पाऊस पाडल्यासारखं फवारलं तर औषध वाया जातं.

रब्बीत गुलाबी खोडकिडा असेल तर या कार्डाचा भरवसा कमीच. तो अंडी पानाच्या आवरणाच्या आत घालतो, तिथपर्यंत चिलट क्वचित पोचतं. लष्करी अळीचे अंडीपुंजही केसांनी झाकलेले असतात, त्यामुळे ‘दोन्हींवर चालतं’ असं विकणाऱ्याने सांगितलं तर त्यावर विसंबू नका. खरिपातल्या ठिपक्यांच्या खोडकिड्यासाठी मात्र जरूर घ्यावं.